मरळ, चिलापी आणि मालवणची खाडी : तीन हजार रुपयांत कोणता रॉड घ्यावा?

तुमच्या प्रश्नाचा आशय असा आहे. कोल्हापूर परिसरात तुम्ही पंचगंगेच्या बंधाऱ्यांजवळ, गावतळ्यांत आणि पाणी साचलेल्या जुन्या खाणींत कृत्रिम आमिषाने मासे धरता. मरळीसाठी रबरी बेडूक, चिलापीसाठी (तिलापियासाठी) लहान स्पिनर, म्हणजे फिरत्या पात्याचे आमिष, आणि वर्षातून एक-दोनदा मालवणला गेल्यावर पॉपर, म्हणजे पृष्ठभागावर पाणी उडवत ओढायचे आमिष, असा तुमचा बेत असतो. 3000 आकाराचे रील तुमच्याकडे आहे, रॉडसाठी तीन हजार रुपये बाजूला काढलेले आहेत आणि या सगळ्या कामांसाठी 2.1 मीटरचा टेलिस्कोपिक, म्हणजे एकात एक सरकणाऱ्या तुकड्यांचा घडीचा रॉड पुरेल, असे तुम्हाला सांगण्यात आले आहे. तो घ्यावा का, हा तुमचा प्रश्न आहे.

तो घेऊ नये. त्याच पैशांत दोन वेगवेगळे, साधे पण कामाला योग्य असे रॉड बसतात, आणि त्यांपैकी एक मालवणच्या खाडीतही बऱ्यापैकी उपयोगी पडतो. असे का, हे नीट समजले, तर पुढच्या प्रत्येक खरेदीच्या वेळी तुम्हाला स्वतःच निर्णय घेता येईल, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

रॉड हातात घेतल्यावर सर्वांत आधी मुठीच्या वरच्या बाजूला छापलेला आमिषाच्या वजनाचा पल्ला वाचावा. तो ग्रॅममध्ये किंवा औंसांत दिलेला असतो. एक औंस म्हणजे सुमारे 28 ग्रॅम, त्यामुळे पाव औंस म्हणजे 7 आणि अर्धा औंस म्हणजे 14 ग्रॅम, एवढे लक्षात ठेवले की पुरते. लांबी, रंग, कंपनी आणि किंमत यांपैकी कशालाही या आकड्याइतके महत्त्व नाही. आमिष फेकताना आपण रॉड मागे नेतो तेव्हा आमिषाच्या वजनाने त्याचे टोक वाकते आणि पुढे झेपावताना ते सरळ होते. दूरवर फेक जाते ती या वाकण्या-सुटण्यातून, मनगटाच्या जोरातून नव्हे. आमिष पल्ल्यापेक्षा फार हलके असेल तर रॉड वाकतच नाही आणि कितीही जोर लावला तरी आमिष पुढ्यातच पडते. ते फार जड असेल तर रॉड गरजेपेक्षा जास्त वाकतो, फेकीचा नेम जातो आणि एखाद्या दिवशी तो सांध्याजवळ मोडतो. स्वस्त रॉडवर छापलेली वरची मर्यादा बहुधा सढळ हाताने लिहिलेली असते, म्हणून 10 ते 30 ग्रॅम लिहिलेल्या रॉडवर 12 ते 22 ग्रॅमची आमिषे वापरावीत, असा माझा नेम आहे.

लाइट, मीडियम, मीडियम हेवी ही नावे सर्व कंपन्यांत एकाच मापाची नसतात. एका कंपनीचा मीडियम दुसरीच्या मीडियम हेवीइतका ताठ असू शकतो. त्यामुळे केवळ नावावर विसंबून ऑनलाइन मागणी नोंदवू नये. ग्रॅमचा आकडा दिलेला नसेल तर तो रॉड सोडून द्यावा.

दुसरी गोष्ट म्हणजे ॲक्शन, अर्थात रॉड कुठून वाकतो ते. फक्त वरचा चौथा-पाचवा हिस्सा वाकत असेल तर त्याला फास्ट म्हणतात, मध्यापर्यंत वाकत असेल तर मॉडरेट, आणि जवळजवळ मुठीपर्यंत वाकत असेल तर स्लो. यांत चांगले-वाईट असे काही नसते. आमिषाला कोणता गळ लावलेला आहे, त्यावर निवड ठरते. जाड तारेचा एकेरी किंवा दुहेरी गळ माशाच्या जबड्यात घुसवायला जोराचा झटका लागतो, म्हणून त्याला फास्ट रॉड हवा. मिनो किंवा क्रँकबेट यांसारख्या, लहान माशाच्या आकाराच्या आमिषांना बारीक तारेचे तिहेरी गळ असतात. ते सहज रुततात, पण तितक्याच सहजपणे मांस फाडून सुटतात. त्यामुळे त्यांना मासा ओढत असताना वाकून देणारा, मॉडरेट रॉड हवा. ही एक बाब समजली की 'मासा लागतो पण काठावर येईपर्यंत सुटतो' या नेहमीच्या तक्रारीचे बहुतांश उत्तर मिळते.

आता मरळ. तुमचा खरा ओढा तिच्याकडे आहे, हे प्रश्नावरूनच दिसते, आणि रॉडची सर्वांत कठोर परीक्षाही तीच घेते. पावसाळा संपल्यावर कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घातले जातात, वरच्या अंगाला पाणी तुंबते, आणि जलपर्णी व शेवाळ काठालगत गोळा होते. मरळ हवेतून श्वास घेणारा मासा असल्याने ती अशा संथ, कमी प्राणवायूच्या पाण्यातही सुखाने राहते आणि श्वासासाठी वर आली की तिचा ठावठिकाणा कळतो. तिथे उघड्या गळाचे कोणतेही आमिष चालत नाही, कारण ते पहिल्याच फेकीत जलपर्णीत अडकते. पोकळ रबरी बेडकाचे दोन्ही काटे त्याच्या पाठीला चिकटून असतात, म्हणून तो पानांवरून सरपटत येतो. परंतु याच रचनेमुळे मरळीने बेडूक तोंडात घेतला तरी रबर दाबले जाऊन काटे बाहेर यावे लागतात आणि मग तिच्या हाडकुळ्या, टणक जबड्यात शिरावे लागतात. त्यासाठी रॉडच्या खालच्या दोन-तृतीयांश भागात ताठपणा असणे अनिवार्य आहे. मऊ रॉडने झटका दिला तर सारी शक्ती रॉडच्या वाकण्यातच जिरते आणि काट्यापर्यंत काही पोहोचत नाही.

गळ लागल्यानंतरचे काही क्षण तर याहून निर्णायक असतात. मरळ तत्काळ खाली, जलपर्णीच्या मुळांत शिरते. तिला तिथे जाऊ दिले तर दोन किलोचा मासा आणि त्याच्याभोवती गुंडाळलेली तेवढीच वनस्पती, असे ओझे ओढावे लागते. त्यामुळे झटका देताच तिचे डोके वर काढून तिला पानांच्या पृष्ठभागावरून आपल्याकडे घसरत आणावे लागते. हे काम 7 फुटांचा, मीडियम हेवी, फास्ट, 10 ते 30 ग्रॅमचा रॉड करतो. यापेक्षा ताठ, म्हणजे हेवी रॉड घेण्याचा मोह होईल, पण तो टाळावा, कारण आपल्याकडच्या दुकानांत मिळणारे लहान बेडूक अनेकदा 6 ते 8 ग्रॅमचे असतात आणि हेवी रॉड त्यांना पुढेच जाऊ देत नाही. मीडियम हेवी रॉडलाही किमान 11-12 ग्रॅमचा बेडूक निवडावा. सोबत 30 ते 40 पौंडांचा ताण सोसणारी ब्रेडेड, म्हणजे विणलेल्या धाग्यांची लाइन वापरावी. तंगूस, म्हणजे नायलॉनची एकेरी दोरी, ताणला जातो, आणि तो ताण झटक्याचा अर्धा जोर खाऊन टाकतो. मरळीने पाणी उडवले की लगेच झटका देऊ नये. लाइन ताणली जाऊन हाताला वजन जाणवेपर्यंत थांबावे आणि मगच रॉड जोराने वर न्यावा.

जून-जुलैच्या सुमारास मरळीच्या लालसर-नारिंगी पिल्लांचा थवा पृष्ठभागावर दिसला तर त्यावर आमिष फेकू नये, अशी कळकळीची विनंती करतो. आई-बाप खाली राखणीला असतात, ते आमिषावर चिडून हमखास धावतात, आणि ते काठावर आले की काही वेळातच थव्याचा फडशा इतर मासे पाडतात.

चिलापीचे गणित अगदी वेगळे आहे. हा परदेशी मासा 1952 साली भारतात आणला गेला आणि आज आपल्या जवळजवळ प्रत्येक तळ्यात आहे. तो मुख्यतः शेवाळ आणि बारीकसारीक खाद्यावर जगतो, तोंड लहान असते, आणि आमिषावर तो अनेकदा भुकेपेक्षा आपल्या घरट्याच्या राखणीसाठी तुटून पडतो. त्याला 3 ते 6 ग्रॅमचा स्पिनर किंवा चमच्याच्या आकाराचे चिमुकले धातूचे आमिष लागते, आणि एवढे हलके आमिष मरळीच्या रॉडने फेकताच येत नाही. याच कारणासाठी एका रॉडमध्ये दोन्ही कामे बसत नाहीत. इथे 6 फुटांचा, लाइट, 2 ते 8 ग्रॅमच्या आसपासचा रॉड घ्यावा, आणि तो खुशाल फायबरग्लासचा घ्यावा. फायबरग्लास जड आणि मंद असतो, हे खरे. पण एवढ्या लहान रॉडमध्ये वजनाचा फरक हाताला फारसा जाणवत नाही, आणि त्याचे मंद वाकणे बारीक तिहेरी गळाला उलट उपकारकच ठरते. हजार रुपयांच्या आत-बाहेर असा रॉड मिळतो. बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला, जिथे पाणी फळ्यांवरून पडून खळाळत पुढे जाते, तिथे लहान मिनो फिरवण्यासाठीही तोच रॉड वापरता येईल.

कटला आणि रोहू यांच्यासाठी ल्युअरचा, म्हणजे कृत्रिम आमिषाचा रॉड शोधू नका. कटला पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खातो, रोहू वनस्पतिजन्य खाद्य खातो. दोघांनाही पिठाचा गोळाच लागतो, आणि त्या मासेमारीचा रॉड हा स्वतंत्र विषय आहे.

टेलिस्कोपिक रॉडला माझा विरोध का, ते आता सांगतो. बसून, बुडीचे आमिष टाकून वाट पाहण्याच्या मासेमारीला तो चालतो. ल्युअरच्या मासेमारीत मात्र दिवसभर सतत फेकायचे आणि ओढायचे असते. घडीच्या रॉडला सहा-सात सांधे असतात आणि प्रत्येक सांध्याशी वाकण्याची रेघ तुटते. लाइन ज्यांतून जाते त्या कड्या केवळ सांध्यांच्या टोकांवर बसवता येतात, म्हणून त्या संख्येने कमी आणि एकमेकींपासून लांब असतात. परिणामी रॉड वाकला की लाइन कड्यांच्या मधल्या जागेत रॉडलाच घासते. वाळूचे कण सांध्यांत शिरले की तो नीट उघडत नाही आणि फेकीच्या वेळी कड्या फिरून एका रेषेतून सरकतात. शिवाय अशा बहुतेक रॉडवर आमिषाच्या वजनाचा पल्ला छापलेलाच नसतो. बसने किंवा दुचाकीवरून न्यायला सोपे पडते म्हणून तो हवासा वाटत असेल, तर 7 फुटांचा दोन तुकड्यांचा रॉड घडी केल्यावर साडेतीन फुटांच्या आसपास भरतो आणि पीव्हीसीच्या नळीत घालून दुचाकीला सहज बांधता येतो.

खरेदीच्या वेळी दिशाभूल करणारा आणखी एक आकडा म्हणजे कार्बनचा '24 टन', '30 टन' हा उल्लेख. टन म्हणजे रॉड किती वजन उचलतो ते नव्हे. तो कार्बनच्या धाग्याच्या ताठपणाचा, प्रति चौरस मिलिमीटर टनांत मोजलेला आकडा आहे. आकडा जास्त असला की तोच ताठपणा कमी जाडीत साधतो, रॉड हलका आणि संवेदनशील होतो. पण पातळ भिंतीचा तो रॉड दगडावर आपटला, दुचाकीवरून पडला किंवा मासा उचलताना नको तितका वाकवला, तर लवकर मोडतो. नदीकाठच्या खडकांवर आणि बांधांवर वावरणाऱ्या माणसाने कमी टनाचा कार्बन किंवा कार्बन-फायबरग्लास मिश्र रॉड घेणे शहाणपणाचे आहे. शेक्सपिअर कंपनीचा 1976 साली बाजारात आलेला 'अग्ली स्टिक' याच मिश्र पद्धतीने बनवला जातो आणि त्याची ख्याती हलकेपणासाठी नव्हे, तर न मोडण्यासाठी आहे. त्या धर्तीचे, तुमच्या रकमेत बसणारे रॉड इतर कंपन्यांचेही मिळतात.

वाचवलेले पैसे कुठे लावायचे, तर कड्यांवर. ब्रेडेड लाइन करवतीप्रमाणे काम करते. साध्या तारेच्या, मुलामा दिलेल्या कड्यांवर ती काही महिन्यांत चर पाडते आणि मग तोच चर लाइन कापू लागतो. प्रत्येक कडीच्या आत सिरॅमिकची, निदान ॲल्युमिनियम ऑक्साइडची, गुळगुळीत चकती हवीच. कडीच्या आतून कापसाचा बोळा फिरवावा. एखादा धागा जरी अडकला तरी तिथे तडा किंवा कोर आहे, असे समजून दुसरा नग मागावा. कड्यांची संख्या, टोकाची धरून, फुटांतल्या लांबीपेक्षा एकने जास्त असावी. म्हणजे 7 फुटांना आठ. रॉड डोळ्यासमोर बंदुकीसारखा धरून सर्व कड्या एका रेषेत आहेत का, ते पाहावे. दोन तुकडे जोडल्यावर सांध्यात किंचित फट राहिली तर काळजी नको, कारण झिजेसाठी ती अनेकदा मुद्दाम ठेवलेली असते. पण जोडून हलवल्यावर टकटक असा आवाज आला तर तो रॉड परत ठेवावा. आपले रील सोबत घेऊन जावे आणि रीलच्या जागेची चूडी घट्ट बसते का, हेही तिथेच तपासावे.

दुकानात रॉडचे टोक छताला किंवा फरशीला टेकवून वाकवून दाखवण्याची पद्धत फार वाईट आहे; त्याने टोकाचा नाजूक भाग आतून दुखावतो आणि तो नेमका मासा लागल्यावर मोडतो. घरी आणल्यावर मात्र एक चाचणी जरूर करावी. एक लिटरची पाण्याने भरलेली बाटली, म्हणजे जवळजवळ एक किलो वजन, लाइनला बांधून मीडियम हेवी रॉड जमिनीशी 45 अंशांवर धरून ती सावकाश उचलावी. लहान रॉडला पाव लिटर पुरे. रॉड टोकापासून खाली एकसारख्या वळणात वाकला पाहिजे. मध्येच कोपरा दिसला, कडकड आवाज आला किंवा सांध्याजवळ वळण अडले, तर बदलून घेण्याची मुदत संपायच्या आत तो परत करावा. रॉड उभा करून, मुठीच्या मागे झुकवून वजन कधीच उचलू नये. काठावर मासा उचलतानाही हाच नियम पाळावा आणि मोठ्या माशासाठी जाळीच वापरावी.

एक इशारा कोल्हापूरच्या नदीकाठापुरता खास आहे. पंचगंगा, भोगावती, दूधगंगा यांच्या काठांवर उसाला पाणी देणाऱ्या मोटारींसाठी विजेच्या तारा जागोजागी गेलेल्या आहेत, आणि कित्येक ठिकाणी त्या खाली लोंबकळतात. कार्बन विजेचा वाहक आहे. अशा तारांखाली रॉड उभा करणे किंवा मागून फेक घेणे प्राणघातक ठरू शकते, आणि पावसाळी ढग गडगडू लागले की रॉड आडवा ठेवून काठावरून दूर व्हावे. त्याचप्रमाणे तलाव आणि जलाशय मासेमारीसाठी ठेक्याने दिलेले असतात. ठेकेदाराची किंवा मच्छीमार संस्थेची परवानगी आधी घ्यावी, आणि राधानगरी अभयारण्याच्या हद्दीत गळ टाकूच नये.

राहिला मालवणचा प्रश्न. उघड्या खडकांवरून समुद्रात 30 ते 60 ग्रॅमचे पॉपर फेकायचे तर 8 ते 9 फुटांचा, गंजरोधक कड्यांचा रॉड लागतो; आखूड रॉडने लाइन पुढच्या खडकांवर आणि लाटांत घासते. असा विश्वासार्ह रॉड तुमच्या उरलेल्या रकमेत बसणार नाही, आणि त्या नावाखाली मिळणारा स्वस्त रॉड घेऊ नये, असेच मी सांगेन. यंदा खडकांचा नाद सोडून खाडीत जावे. तिथे चोणक, ज्याला रायगडकडे जिताडा म्हणतात, आणि तांबोशी हे दोन्ही मासे 12 ते 22 ग्रॅमच्या सॉफ्ट प्लास्टिकवर, म्हणजे मऊ प्लास्टिकच्या आमिषावर, किंवा लहान पॉपरवर येतात, आणि त्यासाठी तुमचा मरळीचा रॉड योग्य आहे. तांबोशीही गळ लागताच खडकांच्या कपारीकडे किंवा कांदळवनाच्या मुळांकडे धावते, म्हणजे रॉडकडून अपेक्षा तीच, जलपर्णीतली. चोणकच्या कल्ल्याच्या झाकणाची कड धारदार असते, म्हणून ब्रेडेड लाइनच्या पुढे हातभर, 40 पौंडांचा जाड तंगूस लीडर म्हणून बांधावा. पॉपरला तिहेरी गळ असतील तर या ताठ रॉडवर झटका हळू द्यावा आणि रीलचा ड्रॅग, म्हणजे मासा ओढताना लाइन सोडणारी यंत्रणा, एरवीपेक्षा थोडा सैल ठेवावा.

तेव्हा सुमारे दोन हजारांत 7 फुटांचा, दोन तुकड्यांचा, मीडियम हेवी, 10 ते 30 ग्रॅमचा स्पिनिंग रॉड, आणि उरलेल्यात 6 फुटांचा हलका फायबरग्लास रॉड, अशी खरेदी करावी. रील एकच असल्याने त्यासाठी एक जादा स्पूल, म्हणजे लाइन गुंडाळायचा बदलता येणारा भाग, घ्यावे आणि त्यावर 8 पौंडांचा तंगूस भरावा. 3000 चे रील लहान रॉडवर थोडे जड वाटेल, पण चालेल. मालवणहून परतताना, मुक्कामाच्या ठिकाणीच, रॉड गोड्या पाण्याने धुवावा, कड्यांच्या पायांशी जिथे दोरा गुंडाळून लाखेने पक्का केलेला असतो तिथे मीठ राहू देऊ नये, आणि दोन्ही तुकडे वेगळे करून सावलीत पूर्ण वाळल्यावरच नळीत घालावेत.